पंधरापैकी बारा

२००७ सालचा मार्गशीर्ष. दुसरा गुरुवार. मी महालक्ष्मीचा घट मांडून, कहाणी वाचून बाहेरच्या सोप्यात आले, तर हौसा भोई पाण्याची बादली पुढ्यात घेऊन बसलेली, आणि तिच्यासमोर चक्क फरशीवर मांडी घालून आमचे सर.

सर म्हणजे माझे मालक, विश्वनाथ तोडकर. हायस्कुलात चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे सगळं गाव सर म्हणायचं आणि चारचौघांत मीही सरच म्हणायची. गुडघे धरतात म्हणून दोन वर्षं हा माणूस आरतीलाही खाली बसत नव्हता. आज बसला होता. हातात भिंग होतं.

“हा बघ, हा कसा आहे?” सर विचारत होते. त्यांच्या तळव्यावर पाण्याचा थेंब आणि थेंबात काहीतरी वळवळत होतं.

“ह्यो नको सर. ह्येचं हात बघा की.”

“कुठले हात?”

“म्होरचं. दुसरी जोडी. लांबुडकी हाय, दिसली? आज पेराएवढा हाय, पर पावसाळ्यापत्तुर वीतभर हुईल आन तुमची गप्पी मासळी एकेक धरून खाईल.”

सरांनी भिंग डोळ्याला लावलं आणि मोठ्यानं हसले. “म्हणजे मी नापास!”

“नापास,” हौसा म्हणाली आणि तो झिंगा बादलीऐवजी शेजारच्या डब्यात टाकला. “ह्यो कालवणात.”

मी चहा करायला आत गेले. तीन कप ठेवायचे की दोन, ते सुचेना. शेवटी दोनच ठेवले, त्या दोघांचे.

त्याचं असं होतं. सर निवृत्त झाले तेव्हा मुलांनी शाल-श्रीफळाऐवजी एक मोठी काचेची टाकी दिली. सरांनी तिच्यात गप्पी सोडले, मॉली सोडल्या, कोल्हापूरहून निळ्या पट्ट्याचे चिमुकले टेट्रा आणले. सगळ्या जातींनी एका पाण्यात भांडण न करता नांदलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. पण काचेवर शेवाळ धरायला लागलं, उरलेला खाऊ तळाशी कुजायला लागला. कुणीतरी सांगितलं, गोड्या पाण्यातले बारीक झिंगे सोडा, ते सगळं खरडून खातात आणि कुणाच्या वाटेला जात नाहीत.

मी म्हणाले होते, “कोल्हापूरच्या त्या दुकानात लाल झिंगे बघितले होते ना आपण? डाळिंबाच्या दाण्यासारखे. ते आणू या का?”

“तुला नुसता रंग दिसतो,” सर म्हणाले होते. “तो झिंगा आपल्या पाण्यात टिकेल का, त्याला काय लागतं, हे बघायला नको? साडी आणायची आहे का?”

आणि चार दिवसांनी हौसाला निरोप गेला. आमचं गाव कृष्णाकाठचं, औदुंबरच्या अलीकडे. नदीत काय आहे ते हौसाइतकं कुणाला माहीत नव्हतं. ती सरांची विद्यार्थिनी, सातवीपर्यंतची. तिचं लग्न ठरलं तेव्हा सर तिच्या बापाच्या झोपडीवर तीनदा गेले होते, पोरीला शाळेतून काढू नको म्हणून सांगायला. तिन्ही वेळा हात हलवत परत आले आणि जेवले नाहीत. तिन्ही वेळा ताट मीच वाढलं होतं.

मी नववी पास होऊन या घरात आले. पहिल्याच वर्षी म्हणाले होते, बाहेरून मॅट्रिकला बसू का? सासूबाई, दीर, सगळे होते तिथं. सर हसत म्हणाले, “घरात एक मास्तर बास आहे.” सगळे हसले. मीही हसले. अडुसष्ट साल असेल ते.

चहा घेऊन आले तेव्हा निवड रंगात आली होती.

“ह्यो बघा. काचंसारखा. आतलं आतडंसुदिक दिसतंय. असा घ्यायचा. ह्यो दुसरा बघा, पाठीवर दुधाळ झालाय. ह्यो आठ दिवस बी काढायचा न्हाई.”

“आणि हा? निपचित पडलाय.”

“आजारी न्हाई त्यो, कात टाकायच्या बेतात हाय. पर आज पानी बदलायचा तरास त्येला नको. नदीत सोडते परत. झिंगा सारखा खरडत पायजे सर. ज्येचं हात थांबलं त्यो गेला.”

“आणि ही?”

“आगं बया!” हौसानं भिंग सरांच्या हातून काढूनच घेतलं. माझ्या घरात सरांच्या वस्तूला कुणी हात लावत नसे. “पोटाखाली बघा. अंडी धरल्यात. मोहरीएवढी बी न्हाईत, हिरवट. ही घ्यायचीच.”

सरांनी डोकं तिच्या डोक्याला लागेल इतकं खाली वाकवलं. “मला नव्हतं दिसलं,” ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून एकोणचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

पंधरा झिंगे झाले. सरांनी ते एकेक भिंगाखाली घालून तपासले आणि मग हौसाच्या पाठीवर थाप मारावी तसा बादलीवर हात मारला. “पंधरापैकी पंधरा. शाब्बास!”

बेचाळीस वर्षांची बाई, लग्नाला आलेली पोर घरात, आणि शाळेतल्या मुलीसारखी लाजली.

“बाई,” ती माझ्याकडे वळली, “एक ध्यानात ठेवा. टाकीत पानी घालताना तुमच्या त्या तांब्याच्या हंड्यातलं घालू नका. द्राक्षवाली मानसं मोरचूदाचं पंप वढ्यात धुत्यात न्हवं, तवा मासळी ऱ्हाती, पर झिंगं पयल्यांदा उलथी हुत्यात. मोरचूद म्हंजी तांबंच, आन तांब्याचा वास बी सोसत न्हाई ह्यांस्नी.”

“ऐकलंस का?” सर म्हणाले.

“ऐकलं,” मी म्हणाले आणि रिकामे कप उचलले. सरांच्या कपाची बशी हौसापुढं पडली होती, ओली. सरांनी आपल्यातला अर्धा तिला बशीत ओतून दिला होता, हे मला त्या बशीवरून कळलं.

त्यानंतर ती दर दोन-तीन दिवसांनी यायला लागली. कधी नदीतलं शेवाळ घेऊन, कधी झिंग्यांना लपायला सच्छिद्र दगड घेऊन. सर वाटच बघत असायचे. “हौसा, ते अंडी पायानं हलवतात का गं?” “व्हय की, वारा घालत्यात. आई न्हाई का पाळण्याला घालत?” दोघांचं तासतासभर चालायचं. मी घरात काम करत असे, पण कान सोप्यात. कामं चुकायला लागली. एकदा आमटीत दोनदा मीठ पडलं. सरांच्या लक्षात आलं नाही. पूर्वी आलं असतं.

तुम्हाला वाटेल, या वयात बाईला नवऱ्याचा संशय आला. तसलं काही नव्हतं. हौसा काय होती, सर काय होते, मला माहीत होतं. तसलं काही असतं तर निदान कुणाला तरी सांगता आलं असतं. बहिणीजवळ रडता आलं असतं. पण बहिणीला काय सांगू? की माझा नवरा तिला झिंग्याचे पाय दाखवतो आणि मला दाखवत नाही?

एक दिवस मी गेलेच. सोमवार होता. हौसा सकाळी शेवाळ दगडाला बांधून गेली होती. सर टाकीसमोर खुर्ची घेऊन बसले होते.

“मला बघू द्या की भिंगातून,” मी म्हणाले. “अंडी दिसतात म्हणे.”

“तुला नाही कळायचं कुठं बघायचं ते,” सर म्हणाले. मान न वळवता. मग जरा मऊ आवाजात, “गॅसवर पोहे आहेत ना? करपतील.”

पोहे करपले नाहीत. मी वेळेवर गेले.

दुपारी सर जेवून झोपले. दोन वाजले असतील. ऊन सोप्यात आलं होतं आणि टाकी नुसती लखलखत होती. पाणी चार बोटं कमी झालं होतं. तो हंडा माझ्या आईनं दिलेला. गळ्याशी माझं नाव कोरलेलं, चि. सौ. कां. मालन, आणि खाली साल. मार्गशीर्षाचे गुरुवार म्हणून आदल्याच दिवशी चिंच लावून घासला होता, आतून-बाहेरून. नळाला दिवसाआड पाणी, त्यामुळे भरून ठेवलेला होता.

मी तो कमरेवर घेतला. स्टुलावर चढले. एका हातानं टाकीचं झाकण सरकवलं आणि ओतला. सगळा. मासे पाण्याच्या धारेकडे धावत आले, खाऊ आला असं वाटून.

मग हंडा धुतला, कट्ट्यावर पालथा घातला आणि आडवी झाले. मला झोपही लागली. हे सांगायची लाज वाटते, पण लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांची हाक आली नाही. रोज सहाला “चहा” अशी हाक यायची. मी बाहेर आले तर सर टाकीसमोर उभे. तळाच्या वाळूवर झिंगे पडले होते, काचेसारखे नव्हे, शिजवल्यासारखे पांढरे-गुलाबी. ती अंडी धरलेलीसुद्धा. वरून गप्पी मजेत फिरत होते.

“मासे जिवंत आहेत,” सर स्वतःशीच बोलत होते. “झिंगे मेले. सगळे. एका रात्रीत.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “हौसाला बोलावणं धाड.”

हौसा आली. टाकीत बघितलं आणि तिचा हात तोंडावर गेला. सर म्हणाले, “तांबं. दुसरं काही नाही. पाणी कुणी घातलं?”

हौसानं मान वर केली. सोप्यातून स्वयंपाकघराचा कट्टा सरळ दिसतो. त्यावर हंडा पालथा होता. पाणी यायचा दिवस उद्याचा, आणि माझा हंडा रिकामा. तिची नजर हंड्यावर गेली, मग माझ्यावर आली. फार वेळ नाही. सुईत दोरा ओवायला लागतो तेवढा वेळ.

“मीच घातलं, सर,” ती म्हणाली. “काल सकाळी शेवाळ लावताना पानी कमी वाटलं. हंडा भरलेला दिसला. डोस्क्यातनं गेलं.”

“डोक्यातून गेलं?” सरांचा आवाज चढला. किती वर्षांनी चढला. “मोरचूदाची गोष्ट मला कुणी सांगितली? तूच ना? सांगणारी तूच आणि विसरणारीही तूच! सातवीत अशीच होतीस. उत्तर तोंडावर असायचं आणि पेपरात भलतंच. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, हौसा. दुसऱ्या कुणाकडून झालं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो. गाढवा, तुला माहीत होतं!”

हौसा खाली मान घालून उभी. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मी उंबऱ्यात होते. पहिल्यांदा मला सुटल्यासारखं झालं. वाटलं, चला, झालं. आता ही यायची नाही. सरांचा चहा पुन्हा त्यांच्या एकट्याचा.

पण सर बोलतच होते आणि मी ऐकत होते, आणि हळूहळू मघाचं सुटणं कुठल्या कुठं गेलं. मला त्या बोलण्याचासुद्धा हेवा वाटला. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती! असं मला कोण कधी म्हणालं होतं? माझ्या हातून भाजी खारट झाली, सर गप्प जेवले. बँकेचा फॉर्म चुकला, सरांनी गप्प दुसरा भरला. माझ्यावर ते कधी चिडले नाहीत. गावातल्या बायका म्हणायच्या, मालनताई, नशीब काढलंत. चिडायला समोरच्याला काहीतरी येतंय असं आधी वाटावं लागतं.

“पाणी मी घातलं,” मी म्हणाले.

“तू मध्ये पडू नकोस.”

“काल दुपारी. तुम्ही झोपल्यावर. अख्खा हंडा.”

सर थांबले. मग नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, “असू दे. तुला काय माहीत.”

“माहीत होतं. तांब्यानं झिंगे मरतात. तिनं माझ्यादेखत सांगितलं होतं. माहीत होतं म्हणूनच घातलं.”

हौसानं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

“बाई, कशाला वो...” हौसा पुटपुटली.

“का?” सरांनी विचारलं. एकोणचाळीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच असा प्रश्न विचारला की ज्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं.

“तुम्ही तिला भिंग दिलंत,” मी म्हणाले.

“काय?”

“भिंग. मी मागितलं तर म्हणालात, पोहे करपतील.”

सर माझ्याकडे वळले. चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता ओरडतील, आणि खरं सांगते, मी वाट बघत होते. ते ओरडले नाहीत. दात आवळून एवढंच म्हणाले, “पंधरा जीव होते ते, मालन. पंधरा. आणि पोटातले वेगळे.” आणि खोलीत गेले. दार मात्र असं आपटलं की कट्ट्यावरचा पालथा हंडा वाजला.

चार दिवस बोलले नाहीत. जेवायचे, उठायचे. मी मुद्दाम एकदा भाजी अळणी केली. तीही खाल्ली.

पाचव्या दिवशी शनिवारी सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी भिंग ठेवलेलं होतं.

“तू मारलेस, तूच आणायचेस,” सर म्हणाले. “पंधरा. हौसा घाटावर थांबली आहे. तिनं सांगायचं नाही असं मी तिला बजावलंय.”

पौषाची थंडी तोंडावर आली होती. नदीवर धुकं होतं. छप्पन्न वर्षांची मी लुगड्याचा काचा मारून गुडघाभर पाण्यात उतरले. हौसानं पाणवनस्पतीच्या जाळीखाली वेताची बुट्टी घातली, वरून दोनदा झोडपलं आणि बुट्टी उचलली. शंभरएक झिंगे उड्या मारत होते.

“घ्या निवडून,” ती काठावर बसून म्हणाली आणि तोंडात तंबाखू टाकली. “मी मुकी हाय आज.”

हात बघायचे. दुधाळ नको. खरडत असलेला हवा. मला सगळं पाठ होतं. कपबशा उचलता उचलता, आमटी ढवळता ढवळता मी एकूणएक शब्द ऐकला होता. पण झिंगा बोटातून निसटत होता आणि धुक्यानं भिंग सारखं पुसावं लागत होतं.

“हौसा,” मी म्हणाले, “तू अंगावर का घेतलंस गं?”

“मला सवय हाय बाई, सरांच्या बोलण्याची. तुमास्नी न्हवती.”

हे ऐकून तरी माझं मन निवळायला हवं होतं. मी काय करावं? मला पुन्हा तिचा हेवा वाटला.

“तुला काय देऊ?” मी विचारलं.

“त्यो हंडा द्या,” ती पचकन थुंकून म्हणाली. “तुमच्याजवळ ऱ्हायला तर परत हात वळंल.”

आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि मग अशा हसलो की पलीकडे धुणं धूत असलेल्या बाया वळून बघायला लागल्या. हसता हसता माझ्या हातातला एक चांगला झिंगा नदीत गेला.

घरी सर सोप्यात मांडी घालून तयारच होते. मी बादली ठेवली आणि उभी राहिले. त्यांनी एकेक झिंगा काढला, भिंग लावलं, बघितलं. काही टाकीशेजारच्या भांड्यात गेले. एक डब्यात गेला. पुन्हा भांड्यात. पुन्हा डब्यात.

“हे दोन लांब हाताचे,” शेवटी ते म्हणाले. “लहान आहेत म्हणून तुला कळले नाहीत, पण खांदा बघ, जाड आहे. ये, बस इथं, वरून नाही दिसायचं. दिसला? आणि हा तिसरा, पाठीवर दुधाळ ठिपका. हा तरी दिसायला हवा होता तुला. डोळे कुठं होते?”

“थंडीनं डोळ्यांत पाणी येत होतं.”

“कारणं सांगू नकोस. पंधरापैकी बारा.”

मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले होते. भिंग माझ्या हातात होतं आणि त्यांचं बोट त्याच्या पुढं. मी विचारलं, “आणि हौसाला?”

“पंधरा,” सर म्हणाले. “तू होतीस की तिथं.”

त्यानंतर सर अगदी बदलून गेले असं नाही. कुणी या वयात बदलत नसतं. पण टाकीत काही नवं दिसलं की “हौसाला बोलाव” म्हणायच्या आधी “मालन, इकडे ये” म्हणायला लागले. कधी मला दिसायचं नाही, मग चिडायचे. चांगले खेकसायचे. शेजारच्या बायका म्हणायला लागल्या, सर म्हातारपणी तापट झाले.

हंडा मी हौसाच्या पोरीच्या लग्नात दिला. माझं नाव खोडून देते म्हणाले, तर हौसा म्हणाली, राहू दे. सर २०१६ च्या फेब्रुवारीत गेले, झोपेत. तेराव्याला हौसा आली ती रडली नाही, टाकीची काच पुसत बसली. एकोणीसच्या पुरात तिचं घाटावरचं घर गेलं. आता ती तासगावकडे लेकीजवळ असते. एका डोळ्यानं दिसत नाही. हंडा लेकीच्या सासरी होता म्हणून पुरातून वाचला. लेक त्यात पाणी भरते, असं कळलं. महिन्या-दोन महिन्यांनी फोन येतो. “बाई, झिंगं हाईत का?” “आहेत.” “अंडी?” “दोघींना.” “बघितली का नीट?” “बघितली.” मग ती म्हणते, “मला बघायला मिळाली असती तर.”

टाकी अजून सोप्यातच आहे. त्या बारांची कितवी पिढी ते सांगता येणार नाही. मी सकाळचा चहा तिथंच घेते, भिंग घेऊन. आता मला पाठीवरचा दुधाळ ठिपका लांबून दिसतो, कात टाकायला आलेला झिंगा ओळखू येतो, खांदा बघून हात कळतो. आज परीक्षा झाली तर पंधराच्या पंधरा आणीन. पण तपासणारा गेला. हौसाचे पंधरा राहिले आणि माझे बारा राहिले, आणि ते तीन मार्क मला अजून सलतात.